वही फाडू नका, पासवर्ड बदला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडील निवृत्त शिक्षक, वय ६८. मेल, बँक, पतसंस्थेचं ॲप, वीजबिल, रेल्वेचं तिकीट, सगळीकडे एकच पासवर्ड: इंग्रजी अक्षरांत शिवाजी, मग @, मग १६७४. पहिलं अक्षर कॅपिटल. कुठेही टाकला की हिरवी पट्टी येते आणि ‘स्ट्राँग’ असं प्रशस्तिपत्र मिळतं. शिवाय तो त्यांनी एका वहीत लिहून ठेवलाय, आणि त्यावरून घरात वाद झाला. वही फाडायला सांगू का, आणि त्यांच्या लक्षात राहील असा सुरक्षित पासवर्ड कोणता, असं तुम्ही विचारलंय.

(तुम्ही मला खरा पासवर्ड कळवायला नको होता. वर लिहिलाय तो मी बदलून लिहिलाय. नाव आणि सन वेगळे, साचा तोच.)

वही फाडू नका. तुमच्या घरातली ती सगळ्यात शहाणी वस्तू आहे. तिच्यात एकच ओळ आहे, एवढाच घोटाळा.

मी २२ वर्षं सहकारी बँका आणि पतसंस्थांची संगणक यंत्रणा सांभाळतोय. एवढ्या काळात कपाटातली वही चोरून कुणी परक्याने खातं रिकामं केल्याचं एकही प्रकरण माझ्यापुढे आलं नाही. घरातल्याच माणसाने हात मारल्याची दोन पाहिली, पण तिथे वही नसती तरी म्हाताऱ्या माणसाचा फोन त्याच्या हाताशी होताच. एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरून फसलेले लोक मात्र मला दर वर्षी भेटतात. वही चोरायला कुणालातरी तुमच्या घरी यावं लागतं, कपाट उघडावं लागतं. पासवर्ड चोरणारा तुमच्या गावाचं नावही ऐकून नसतो.

तो चोरतो कुठून? बहुतेक वेळा अशा एखाद्या साइटवरून, जिथे वडिलांनी कधीतरी पुस्तक मागवलं असेल किंवा भजनं ऐकायला नाव नोंदवलं असेल, आणि जी त्यांना आता आठवतही नसेल. २००९च्या डिसेंबरमध्ये रॉकयू या अमेरिकी कंपनीचा साठा फुटला. ३ कोटी २० लाख पासवर्ड, तेही जसेच्या तसे उघडे ठेवलेले. सगळ्यात जास्त लोकांनी ठेवलेला पासवर्ड होता १२३४५६. ती यादी आजही पासवर्ड फोडायला बसणाऱ्या प्रत्येकाची बाराखडी आहे. २०१२ साली लिंक्डइनचा साठा फुटला तेव्हा आधी वाटलं ६५ लाखांवर भागलं. २०१६ मध्ये कळलं की ११ कोटी ७० लाख मेल-पासवर्ड बाजारात विकायला आलेत. ते हॅश करून, म्हणजे उलट वाचता येणार नाहीत असे दळून ठेवलेले होते, पण त्यात सॉल्ट नव्हतं. सॉल्ट म्हणजे मीठच. प्रत्येकाच्या पासवर्डात दळण्याआधी वेगळी चिमूट टाकायची, म्हणजे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी पीठ वेगळं दिसतं. ती चिमूट नसली की एक अंदाज बरोबर निघाला तर तोच पासवर्ड ठेवणारे हजारो जण एकदम सापडतात.

आणि एकदा मेल-पासवर्डची जोडी हातात आली की चोर ती जिथे मिळाली तिथे वापरत बसत नाही, दुसरीकडे लावून बघतो. २०२३ साली ट्वेंटीथ्री अँड मी या जनुकीय चाचण्या करणाऱ्या कंपनीत असंच झालं. इतरत्र फुटलेल्या जोड्या तिथे लावून पाहिल्या, सुमारे १४,००० खाती उघडली, आणि त्या खात्यांना जोडलेल्या नातेवाइकांच्या साखळीतून ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली. कंपनीचं कुलूप कुणी फोडलंच नव्हतं. किल्ल्या बाहेरून आल्या होत्या.

तेव्हा वडिलांचा पासवर्ड कितीही अवघड असता, दगडावर कोरण्याइतका, तरी दहा ठिकाणी तोच असल्यामुळे त्याची ताकद त्या दहातल्या सगळ्यात निष्काळजी साइटएवढीच. पासवर्ड अवघड असणं ही नंतरची गोष्ट. आधी तो वेगळा हवा. आणि वीस ठिकाणचे वीस वेगळे पासवर्ड ६८ वर्षांच्या माणसाच्या लक्षात राहणार नाहीत. माझ्याही राहत नाहीत. म्हणून वही.

आता त्या हिरव्या पट्टीबद्दल, कारण वडील तिचाच दाखला देणार. पट्टी फक्त मोजते: बारा अक्षरं, कॅपिटल आहे, आकडा आहे, चिन्ह आहे, पास. चोर तसं मोजत नाही. बँकेच्या लॉगिन पानावर बसूनही तो अंदाज करत नाही, तिथे चार-पाच चुकांनंतर खातं बंद होतं. तो फुटलेला साठा आपल्या मशीनवर घेतो आणि निवांत फोडत बसतो. एमडी५ या जुन्या पद्धतीने ठेवलेले पासवर्ड असतील तर गेम खेळायला मिळतं तसलं एक तगडं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला १०,००० कोटींहून जास्त अंदाज करतं. आठ छोट्या इंग्रजी अक्षरांचे सगळे मिळून पासवर्ड होतात सुमारे २०,९०० कोटी. दोन सेकंद. कॅपिटल, आकडे, चिन्हं, कीबोर्डावरची सगळी ९५ अक्षरं मिसळली पण लांबी आठच ठेवली, तर साधारण अठरा तास. साइटने बीक्रिप्टसारखी मुद्दाम संथ पद्धत वापरली असेल तर तेच कार्ड सेकंदाला काही हजारांवर येतं. पण कुठली साइट आत काय वापरते ते आपल्याला दिसत नाही, म्हणून वाईटातलं वाईट धरून चालायचं.

हा झाला सगळं आंधळेपणाने करून बघण्याचा हिशोब. वडिलांच्या पासवर्डासाठी एवढीही मेहनत लागत नाही. नाव, मग चिन्ह, मग चार आकडे हा साचा आहे. दहा हजार नावं घ्या, दहा चिन्हं घ्या, चार आकड्यांच्या दहा हजार शक्यता घ्या. गुणाकार १०० कोटी. वरच्या कार्डाला लागणारा वेळ सेकंदाचा शंभरावा भाग. पहिलं अक्षर कॅपिटल केल्याने तो दुप्पट होतो, म्हणजे दोन शतांश. राज्याभिषेकाचं वर्ष मराठी माणसाला पाठ असतं तसंच याद्या करणाऱ्यालाही. साईराम@१२३, गणपती@१२३, माऊली आणि पुढे गाडीचा नंबर, मुलीचं नाव आणि जन्मसाल: हे सगळं मी आमच्याच शाखांमधून इतक्या वेळा काढून टाकलंय की माणूस समोर बसला की साधारण अंदाज येतो. ‘ए’च्या जागी @ आणि ‘एस’च्या जागी $ टाकण्याची युक्तीही फोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तयार नियम म्हणून असते.

हा साचा आपल्याला लावला कुणी, तेही बघा. ई-आधारची पीडीएफ उघडायला नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्माचं वर्ष टाकावं लागतं. बँकांची स्टेटमेंटंही अशीच जन्मतारीख किंवा ग्राहक क्रमांक घालून उघडतात. नाव आणि साल म्हणजेच पासवर्ड, असं शिक्षण आपल्याला वर्षानुवर्षं फुकट मिळालंय. मग वडिलांनी तसाच बनवला तर नवल काय. (जाता जाता, आधारची ती पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘पासवर्ड आहे ना’ म्हणून निश्चिंत राहू नका. नाव ठाऊक असलं की उरतं फक्त वर्ष.)

मग चांगला पासवर्ड कसा काढायचा? ‘काढायचा’ म्हणतोय, ‘सुचवायचा’ नाही. माणसाला सुचलेली गोष्ट दुसऱ्या माणसालाही सुचते. अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ साली डाइसवेअर नावाची पद्धत मांडली: फासा पाच वेळा टाकायचा आणि ७,७७६ शब्दांच्या यादीतून त्या आकड्यांचा शब्द घ्यायचा. यादी छापून आणायचा कंटाळा असेल तर माझी घरगुती आवृत्ती सांगतो. गेल्या दिवाळीत आमच्या इमारतीतल्या एका काकांना ती करून दिली, तेही निवृत्तच.

जुन्या कॅलेंडरच्या पानाच्या दहा चिठ्ठ्या केल्या, शून्य ते नऊ. स्टीलच्या वाटीत टाकल्या. हजारभर पानांचा मराठी शब्दकोश घेतला. काका चिठ्ठी काढायचे, आकडा सांगायचे, चिठ्ठी परत वाटीत, वाटी हलवायची, पुढची. पहिल्या तीन आकड्यांनी पान ठरलं, चौथ्याने त्या पानावरचा वरून कितवा शब्द ते. शून्य आला तर दहावा. कोशात ते पान नसेल किंवा पानावर तेवढे शब्द नसतील तर चारही पुन्हा. पहिला शब्द निघाला ‘ढेकूण’. काका म्हणाले, “छे हो, रोज सकाळी ढेकूण टाइप करायचा? दुसरा काढू.” मी नको म्हटलं. इथेच सगळे घसरतात. आवडता शब्द येईपर्यंत काढत बसलात तर निवड पुन्हा तुमचीच झाली, आणि मग देव, फुलं आणि नातवंडंच येतात. पुढे पडवी, मेहुणा, नाचणी, उधार असे चार निघाले. काकूंनी स्वयंपाकघरातूनच गोष्ट जुळवली: पडवीतल्या ढेकणाने मेहुण्याकडून नाचणी उधार आणली. काकांना ती आजही पाठ आहे. (तो पासवर्ड सांगून झाला, म्हणून मेला. काकांनी तो केव्हाच बदललाय, तुम्हीही उचलू नका.)

हिशोब सोपा आहे. प्रत्येक शब्दाच्या दहा हजार शक्यता. चार शब्द घेतले तर वरच्या कार्डाला सगळे करून बघायला २८ तास लागतील. पाच घेतले तर ३० वर्षांच्या वर. सहा घेतले तर तीन लाख वर्षं. एका शब्दाने केवढा फरक पडतो बघा. तुलनेला, @ची जागा बदलून काहीच होत नाही. साधी खाती असतील तर पाच शब्द, मेलसाठी सहा.

आरतीची, अभंगाची किंवा गाण्याची ओळ घेऊ नका, कितीही लांब असली तरी. ती तुम्हाला पाठ आहे म्हणजे सगळ्यांनाच पाठ आहे.

मराठी शब्दांत एक खोच आहे, ती फार जणांना नंतर कळते. पासवर्ड टाइप होणार इंग्रजी अक्षरांत, आणि आपली इंग्रजी अक्षरांतली मराठी दर वेळी वेगळी असते. ‘पडवी’ला व्ही की डब्ल्यू? ‘ढेकूण’मध्ये एक यू की दोन ओ? ‘ज्ञान’ आला तर विचारूच नका. आज एक लिहाल, तीन महिन्यांनी दुसरं, आणि खातं बंद पडल्यावर म्हणाल की साइट खराब आहे. म्हणून वहीत शब्द देवनागरीत लिहू नका. जसा टाइप करणार तसाच, एकेक अक्षर सुटं लिहा, आणि पहिल्या दिवशी तीनदा टाइप करून बघा. देवनागरीतच पासवर्ड ठेवायचा विचारही सोडा. बऱ्याच साइट घेत नाहीत. घेतला तरी ‘ऱ्या’सारखं अक्षर फोनचा कीबोर्ड एका तऱ्हेने आणि संगणकाचा दुसऱ्या तऱ्हेने साठवू शकतो. दिसायला एकच, पण यंत्राला दोन वेगळे पासवर्ड.

वही कशी लिहायची यालाही थोडी रीत आहे. वर ‘पासवर्ड’ असं नाव घालू नका. एका पानावर एक खातं: साइटचं नाव, लॉगिन आयडी, पासवर्ड, कोणत्या तारखेला बदलला. खाली जागा मोकळी सोडा, लागते. शिवाय वडिलांना एक शेपूट ठरवायला सांगा, वाटीतूनच काढलेला एखादा शब्द, जो वहीत कुठेच लिहायचा नाही आणि बँकेसारख्या दोन-चार मोठ्या खात्यांच्या पासवर्डला मागे जोडायचा. वही हरवली किंवा कुणी चाळली तरी ती खाती त्या वहीवर उघडत नाहीत. ते शेपूट तुमच्या आईला माहीत असू द्या. यूपीआयचा पिन वहीत लिहू नका. आणि पानाचा फोटो काढू नका, हे मी हात जोडून सांगतो. कागदावरचा पासवर्ड कपाटात राहतो, फोटोतला गॅलरीत जातो, तिथून क्लाउडवर, आणि एखाद्या दिवशी चुकून ‘सुप्रभात’बरोबर नातेवाइकांच्या ग्रुपवर.

सगळ्यात आधी मेल. लोक बँकेपासून सुरुवात करतात, ते उलटं आहे. ‘पासवर्ड विसरलात?’ दाबलं की बहुतेक साइट नवा पासवर्ड करायची लिंक मेलवर पाठवतात. मेल म्हणजे किल्ल्यांचा अख्खा जुडगा. त्याला सहा शब्द, टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर फोनवरचा कोड मागणारी दुसरी पायरी) चालू, आणि गूगलचं खातं असेल तर त्यात बॅकअप कोड मिळतात, आठ-आठ आकड्यांचे दहा. ते कागदावर उतरवून वहीत चिकटवा. फोन हरवला, पाण्यात पडला, की त्या दहा ओळींशिवाय आत जाणं कर्मकठीण. दुसरी पायरी म्हणून एसएमएस ही सगळ्यात मजबूत सोय नाही, सिम बदलून घेऊन लुटणारे आहेत. पण काहीच नसण्यापेक्षा ती कितीतरी पटींनी बरी, आणि वडिलांना ऑथेंटिकेटर ॲप (फोनवरच कोड तयार करणारं) झेपणार नसेल तर आज एसएमएसच चालू करा. ते उद्यावर टाकण्यात अर्थ नाही.

मेलच्या सेटिंगमध्ये रिकव्हरी नंबर आणि रिकव्हरी मेल (खातं अडलं तर ज्यावरून परत मिळतं ते) कुठला आहे, तो उघडून वाचा. वडिलांचा जुना नंबर तिथे असेल आणि तो त्यांनी सोडला असेल, तर बंद झाल्यावर ९० दिवसांनंतर तो दुसऱ्या कुणाला दिला जाऊ शकतो.

नंबर तिसऱ्याच माणसाचा निघण्याचा प्रकारही मी बराच पाहिलाय. फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात मुलीच्या शिष्यवृत्तीचा किंवा अकरावी प्रवेशाचा फॉर्म भरला. मेल आयडी नव्हता, म्हणून दुकानदाराने तिथल्या तिथे उघडून दिला. रांग मागे उभी, पासवर्ड ठेवला नाव@१२३, ओटीपी पटकन यावा म्हणून नंबर दुकानाचाच दिला, आणि सगळं त्याच्या रजिस्टरात लिहून ठेवलं. त्याच्या मनात काही वाईट नसतं, पुढच्या वर्षी रिन्युअलला हेच लोक ‘पासवर्ड काय होता हो’ म्हणत येणार हे त्याला ठाऊक असतं. पण दोन वर्षांनी तोच मेल आयडी बँकेला दिला जातो, नोकरीच्या अर्जाला जोडला जातो, आणि त्याची किल्ली एका दुकानाच्या रजिस्टरात पडून असते. वडिलांचा आयडी कुणी उघडून दिला होता ते विचारून घ्या. दुकानातला असेल तर आधी रिकव्हरी नंबर बदला, मग पासवर्ड, मग ‘सगळ्या उपकरणांवरून साइन आउट’. क्रम हाच ठेवा.

तुम्ही स्वतः वही वापरू नका, पासवर्ड मॅनेजर वापरा, म्हणजे सगळे पासवर्ड कुलूपबंद साठवणारं सॉफ्टवेअर. ब्राउझरमधला चालेल, बिटवॉर्डन किंवा कीपासएक्ससी चालेल. लास्टपास या मॅनेजरच्या २०२२च्या प्रकरणानंतर मला बरेच जण विचारतात की एकाच टोपलीत सगळं कशाला. तिथे चोरांनी ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती नेल्या हे खरं. पण त्यांतले पासवर्ड कुलूपबंद होते, आणि धोका मोठा होता तो मास्टर पासवर्ड, म्हणजे तिजोरी उघडणारा पासवर्ड, कच्चा ठेवणाऱ्यांना. मास्टरला सहा शब्द लावा, इतकंच. वडिलांच्या फोनमध्येही ब्राउझरला पासवर्ड साठवू द्यायला माझी हरकत नाही, फोनला धड लॉक असेल तर. वही राहीलच.

मॅनेजरचा एक फायदा वहीत मिळत नाही. तो साइटचा पत्ता बघून पासवर्ड भरतो. ‘आज रात्री वीज तोडली जाईल’ अशा मेसेजमधल्या लिंकवर हुबेहूब पान उघडलं, तर माणूस वही काढून निमूट टाइप करेल, मॅनेजर मात्र गप्प बसेल. तो गप्प बसला की आपण थांबायचं. अपवाद एकच, आणि तो सध्याचा आहे. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या साइट ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर न्यायला सांगितल्या होत्या. म्हणून जुन्या पत्त्यावर साठवलेला पासवर्ड नव्या, खऱ्या पत्त्यावरही भरला जाणार नाही. तिथे नवा पत्ता शाखेत विचारून हाताने टाइप करा आणि पासवर्ड नव्याने साठवा. मेसेजमधल्या लिंकवरून तेव्हाही जाऊ नका.

वडील दर तीन महिन्यांनी शेवटचा आकडा बदलतात असंही तुम्ही लिहिलंय. ते थांबवा, आणि त्यांना सांगा की ही सवय आमच्यासारख्यांनीच लावली, चूक आमची. २०११ च्या सुमाराला एका संस्थेत मी मोठ्या रुबाबात दर ३० दिवसांनी पासवर्ड बदलायची सक्ती केली होती. तीन महिन्यांत अख्ख्या शाखेने एकच तोडगा काढला: चालू महिन्याचं नाव, @, साल. एक दिवस कॅशियर रजेवर, काउंटर अडलेला, मी फोन लावायला निघालो तर चहा घेऊन आलेला शिपाई म्हणाला, “साहेब, जुलै टाका, जून कालच संपला.” मशीन उघडलं. ते पत्रक मी त्याच आठवड्यात मागे घेतलं. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली जुन्या खात्यांवर हेच तपासलं होतं: आधीचा पासवर्ड माहीत असेल तर १७ टक्के खात्यांचा पुढचा पासवर्ड पाचपेक्षा कमी अंदाजांत सापडत होता.

कॅपिटल-आकडा-चिन्हाची सक्ती जगभर पसरली ती अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या २००३च्या मार्गदर्शिकेतून. ती लिहिणारे बिल बर यांनीच २०१७ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलला सांगितलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. निस्टने त्याच वर्षी दोन्ही सक्ती काढून टाकल्या, आणि २०२५च्या आवृत्तीत पासवर्ड हे एकटंच कुलूप असेल तर किमान १५ अक्षरं हवीत असं म्हटलं. आपल्याकडच्या बऱ्याच साइट अजून जुन्याच पोथीवर आहेत. काही तर बारा-पंधरा अक्षरांच्या पुढे घेतच नाहीत. तिथे शब्दांचा आग्रह सोडा, मॅनेजरकडून जितकी मावतील तितकी वेडीवाकडी अक्षरं काढून घ्या आणि वहीत नीट उतरवा. शून्य आणि ‘ओ’ वेगळे दिसतील असे लिहा.

तेव्हा पासवर्ड बदलायचा तो कारण घडलं की. साइट फुटल्याची बातमी आली, कुणाला सांगावा लागला, फोन चोरीला गेला. फुटला की नाही ते बघायला ट्रॉय हंट यांनी २०१३ साली सुरू केलेली ‘हॅव आय बीन पोन्ड’ ही साइट आहे. तिथे फक्त मेल आयडी टाकायचा. वडिलांचा आयडी टाकून बघा. बहुधा फुटलेल्या एखाद्या तरी साइटचं नाव निघेल, आणि ते नाव बघून त्यांना जे पटेल ते माझ्या या सगळ्या लिहिण्याने पटणार नाही.

सुरक्षा प्रश्नांना खरं उत्तर देऊ नका. आईचं माहेरचं आडनाव हे आपल्याकडे कधीपासून गुपित झालं? वडिलांचं नाव तर आपल्या नावातच असतं, आणि मामाकडचं घराणं लग्नपत्रिकेवर छापलेलं. वाटीतून निघालेला शब्द उत्तर म्हणून टाका आणि वहीत लिहा. पिनला जन्मतारीख नको. चार आकड्यांच्या दहा हजार शक्यता असतात, दिवस-महिना धरलात तर उरतात ३६६. आणि पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, हे वडिलांकडून एकदा मोठ्याने वदवून घ्या. पैसे गेलेच, तर वाद घालत न बसता ताबडतोब १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. तिथे जितक्या लवकर फोन, तितकी रक्कम वाटेत अडण्याची शक्यता जास्त.

आता कामाचा क्रम. येत्या रविवारी दोन तास वडिलांबरोबर बसा, वाटी आणि शब्दकोश घेऊन. शब्द त्यांना काढू द्या, टाइपही त्यांनाच करू द्या. तुम्ही केलंत तर त्यांचं ते कधीच होणार नाही. त्या दिवशी फक्त मेल, टू-स्टेप आणि बॅकअप कोड. वेळ उरला तर खरेदीच्या साइट. बँक आणि पतसंस्थेला रविवारी हात लावू नका. नवा पासवर्ड टाकताना व्ही-डब्ल्यू चुकला आणि खातं बंद पडलं तर सोमवारपर्यंत घरात तुमचं काही खरं नाही. ते काम मंगळवारी-बुधवारी सकाळी अकराला करा, शाखा उघडी असताना, पासबुक जवळ ठेवून.